सगळ्यांत आधी विझणारी वात

सिबी गिल्हीनीची वात सलग अकरा वर्षं घरात सगळ्यांत आधी विझली आणि अकराही वर्षं म्हातारी ठणठणीत राहिली. आमच्या ड्रमकील गावात याची भरपूर थट्टा व्हायची. कुणाची गाय मरता मरता उठून उभी राहिली, की लोक म्हणत, हिच्या नावाची वात सिबीच्या घरी लावली होती वाटतं. म्हातारीच्या कानावर हे जायचं आणि तिला त्याचं काहीच वाटायचं नाही. उलट रविवारी चर्चच्या दारात ती स्वतःच बातमी द्यायची, "यंदाही माझीच गेली बरं का. सुतकाचे काळे कपडे धुऊन ठेवा."

तीन राजांच्या सणाची आदली संध्याकाळ म्हणजे नाताळच्या बारा दिवसांचा शेवट. लेट्रिम परगण्यातल्या आमच्या भागात त्या संध्याकाळी घरोघर बारा वाती लागतात. चाळणीत ओट भरायचे, मेंढीच्या चरबीत बुडवलेल्या लव्हाळ्याच्या बारा वाती त्यात उभ्या खोवायच्या, एकेकीला आपल्या माणसांपैकी एकेकाचं नाव द्यायचं, आणि त्या पेटवून सगळ्यांनी गुडघे टेकून रोझरी, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना, म्हणायची. ज्याची वात आधी विझेल तो आधी जाणार. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. आमचे फादर दर वर्षी यावर नाक मुरडायचे आणि स्वतःच्या आईकडे गेले की मुकाट्यानं आपल्या नावाची वात खोवू द्यायचे.

या प्रकाराचा सगळ्यांत जास्त राग यायचा तो सिबीच्या सुनेला, डीलियाला. डीलिया कॅरिकची. कापडाच्या दुकानात काउंटरमागं उभी राहून पाच वर्षं तिनं गिऱ्हाइकांना टेपनं कापड मोजून दिलेलं. एखादी गोष्ट खरी की खोटी हे मोजून बघता येतं, अशी तिची समजूत होती. उपासाचे दिवस लागायच्या आधी लग्नं उरकायची आमच्याकडे घाई असते, त्या घाईत तिचं मॅलाकी गिल्हीनीशी लग्न झालं आणि ती ड्रमकीलला आली. मॅलाकी भला माणूस होता. बारा एकर ओली जमीन, चार गाई, आणि आई.

कॅरिकमध्ये सण म्हणजे दुकान बंद आणि दुपारी चांगलंचुंगलं जेवण. ड्रमकीलमध्ये सण म्हणजे सिबी. संत ब्रिजिडच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी ती खिडकीबाहेर एक फडकं टाकायची, रात्री ब्रिजिड दारावरून जाताना त्याला हात लावते म्हणून. जूनमध्ये संत जॉनच्या होळीतला एकेक निखारा बटाट्याच्या प्रत्येक वाफ्यात पडलाच पाहिजे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री, घरातल्या मेलेल्या माणसांसाठी चुलीशी खुर्ची मांडायची आणि कोबी घालून घोटलेल्या बटाट्यांचा वाडगा त्यांच्यासाठी ठेवायचा. नोव्हेंबरात संत मार्टिनच्या सणाला कोंबडा कापून घराच्या चारी कोपऱ्यांना रक्त लावायचं आणि त्या दिवशी घरात कुठलंही चाक फिरू द्यायचं नाही. पहिल्याच वर्षी डीलिया त्या दिवशी सकाळी शिवणयंत्रावर बसली होती. म्हातारीनं यंत्राचा पट्टा काढला आणि एप्रनच्या खिशात घालून दिवसभर हिंडली.

पण खरा प्रसंग घडला तो मे महिन्याच्या पहिल्या तारखेला. त्या सकाळी घरातून दूध, विस्तव, मीठ, काही म्हणजे काही बाहेर जाऊ द्यायचं नसतं, कारण जो नेतो तो त्या घराचं वर्षभराचं लोणी नेतो. हे ड्रमकीलमधल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक. डीलियाला नव्हतं. शेजारची बिडी मॅकगर्ल किटली घेऊन दारात आली आणि डीलियानं माणुसकी म्हणून ती काठोकाठ भरून दिली. सिबी गोठ्यातून आली तोवर बिडी रस्त्याच्या वळणापलीकडं गेली होती. पुढं पंधरा दिवस सासू सुनेशी बोलली नाही. जे सांगायचं असेल ते कुत्र्याला सांगायची. "हिला सांग रे, चहा झालाय."

आणि दैव असं, की त्या उन्हाळ्यात लोणी खरंच धड आलं नाही. डीलियाच्या मते त्यात बिडीचा काही संबंध नव्हता, साय घुसळण्यात तिचा स्वतःचाच हात अजून बसला नव्हता. आयुष्यभर विकतचं लोणी खाल्लेली बाई ती. पण हे म्हणायचं म्हणजे आपला हात वाईट आहे हे कबूल करायचं, तेव्हा ती गप्प बसली.

म्हातारीचं सगळंच तिला पटत नव्हतं असं नाही. पुढच्या फेब्रुवारीत थोरल्या मुलीच्या, उनाच्या वेळी दोन दिवस कळा देऊनही सुटका होईना, तेव्हा सिबीनं ब्रिजिडचं ते फडकं तिच्या पोटाला बांधलं आणि तासाभरात पोर जगात आली. डीलियानं नंतर विचार करून ठरवलं, की त्याच सुमाराला सुईण पोचली होती आणि काम तिनं केलं. तरी धाकट्या फेलिमच्या वेळी फडकं तिनं स्वतःहून मागून घेतलं.

वातींचं मात्र तिच्या कधी गळी उतरलं नाही. त्या संध्याकाळी म्हातारीची वात विझली, की घरात एकच धांदल उडायची. मॅलाकी आईसाठी खुर्ची चुलीजवळ ओढायचा, व्हिस्कीची बाटली कपाटातून खाली यायची, पोरं आजीच्या गळ्यात पडून रडायची. आणि मग वर्षभर ते हत्यार म्हातारीच्या हाताशी असायचं. लोण्यात मीठ जास्त पडलं म्हणून सुनेनं तोंड उघडलं, की म्हातारी म्हणणार, "असू दे, बाई. माझी वात विझलीच आहे. पुढच्या वर्षी तू घाल हवं तेवढं मीठ." असं अकरा वर्षं.

डीलियाला संशय होता. वाती करताना म्हातारी कुणाला जवळ फिरकू द्यायची नाही. चुलीपुढं पाठ करून बसायची, लांबट लोखंडी पळीत चरबी वितळवून एकेक सोललेला लव्हाळा त्यातून ओढायची आणि मग कात्रीनं टोकं सारखी करायची. डीलियाची खात्री होती, की ती स्वतःची वात मुद्दाम आखूड कापते. कशासाठी, तर खुर्चीसाठी, व्हिस्कीसाठी आणि पोरांच्या रडण्यासाठी. एकदा न राहवून ती हे नवऱ्याजवळ बोलून गेली.

मॅलाकी सहसा चिडायचा नाही. त्या दिवशी चिडला. आईवर असला आळ घेऊ नकोस म्हणाला, ही खेळायची गोष्ट नाही. आणि मग बापाबद्दल तो पहिल्यांदाच सविस्तर बोलला. डीलिया घरात यायच्या आदल्या वर्षीच्या जानेवारीत त्याच्या बापाची, फ्रॅन्सीची, वात सगळ्यांत आधी विझली होती. फ्रॅन्सी धडधाकट गडी. पण त्या संध्याकाळपासून त्याचं जेवण तुटलं. मार्चमध्ये बटाटे लावायला तो शेतात गेलाच नाही. कुणासाठी लावू, म्हणाला. भिंतीकडं तोंड करून पडून राहिला आणि संत जॉनची होळी पेटली त्या संध्याकाळी गेला. डॉक्टरला शेवटपर्यंत आजार सापडला नाही. नंतरच्या जानेवारीत सुतकामुळं घरात वाती लागल्याच नाहीत, आणि त्यानंतरची संध्याकाळ म्हणजे डीलियाची या घरातली पहिली.

ती पहिली संध्याकाळ डीलियाला चांगली आठवत होती. तिला आठवा महिना होता आणि गुडघे टेकून तिची कंबर मोडून आली होती. रोझरी संपता संपता म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "गेली. माझीच गेली," आणि अशी हसली, की मॅलाकी घाबरला. नंतर कितीतरी वेळ उजवा हात एप्रनखाली घेऊन ती चुलीशी बसली होती. चहाचा कपसुद्धा तिनं डाव्या हातानं घेतला. नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली नाहीत आणि ही बाई मरणाची थट्टा करते, हे डीलियाला तेव्हा फार विचित्र वाटलं होतं.

यंदा दोन गोष्टी झाल्या. सिबीच्या हाताची बोटं संधिवातानं पार वाकडी झाली आणि डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. उजेड आणि अंधार एवढं तिला कळायचं, बाकी सगळं धूसर. लव्हाळे तिनं ऑगस्टमध्ये उनाला बरोबर घेऊन कापून, सोलून, वाळवून ठेवले होते. पण वितळलेल्या चरबीशी बसणं आता तिला शक्य नव्हतं.

आणि मॅलाकी आजारी पडला. ऑक्टोबरात बटाटे काढताना तीन दिवस पावसात भिजला आणि छातीत पाणी झालं. डॉक्टरनं सुई घालून ते काढलं. रक्ताची थुंकी पाडणाऱ्या ज्या आजाराचं आमच्याकडे घरात नाव काढत नाहीत तो हा नव्हे, असंही त्यानं शपथेवर सांगितलं. निघताना डीलियाला अंगणात बोलावून तो म्हणाला, की माझं काम झालंय, आता यानं उठायचं मनावर घेतलं पाहिजे. उठला तर मार्चमध्ये नांगर धरेल. पडून राहिला तर मी काही करू शकत नाही.

मॅलाकी पडूनच राहिला. चुलीशेजारच्या कोनाड्यातल्या पलंगावर, भिंतीकडं तोंड करून. ताप गेला होता, खोकला उतरला होता, पण उठ म्हटलं की तो उद्या म्हणायचा. नाताळच्या मेणबत्तीला काडी लावायला फेलिमला त्यानं हातभार लावला आणि पुन्हा आडवा झाला. बापाचाच मुलगा, हे डीलियाला दिसत होतं आणि त्यापुढं तिचं डोकं चालत नव्हतं.

तीन राजांचा सण चार दिवसांवर आला तेव्हा तो भिंतीकडून वळला. "वाती यंदा तू करणार ना?" त्यानं विचारलं.

"मीच. आईंचे हात कुठं चालतायत."

"सगळ्या सारख्या कर, डीलिया. मोजून. मला खरं काय ते कळू दे. बाबांना कळलं तसं."

 डीलियाला वाटलं, हीच तर संधी आहे. वाती जर खरंच मोजून सारख्या केल्या, एकाच चरबीतून तितक्याच वेळा ओढल्या, तर बाराच्या बारा एकदम विझतील. कुणाचीच आधी नाही. मॅलाकीच्या डोक्यातलं भूत उतरेल आणि म्हातारीचं दर वर्षीचं नाटकही आपोआप बंद पडेल. तिनं ट्रंकेतून दुकानातली जुनी टेप काढली.

सिबीला चुलीपुढच्या कोपऱ्यात बसल्या बसल्या काहीतरी कळलं असावं. ती सारखी मध्ये मध्ये करू लागली. आधी म्हणाली, माझी वात माझी मी करते. वाकड्या बोटांत लव्हाळा धरून ओढायला गेली, तो मोडला आणि चरबी एप्रनवर सांडली. डीलियानं पळी तिच्या हातून काढून घेतली. मग म्हणाली, झाल्यावर बाराही एकदा माझ्या हातात दे. डीलियानं दिल्या नाहीत. मग म्हणाली, जरा माझ्याबरोबर गोठ्यात चल, तुला एक सांगायचंय. घरात एकच खोली धड उबदार, त्यातच मॅलाकीचा पलंग, कुजबुजलेलंही त्याला ऐकू जायचं. पण डीलियाला स्वयंपाक होता, पोरांचे कपडे धुवायचे होते, आणि म्हातारीला काय सांगायचंय ते आपल्याला माहीतच आहे असं तिला वाटत होतं. नंतर जाऊ, ती म्हणाली. ते नंतर काही आलं नाही.

शेवटी सणाच्या आदल्या दुपारी सिबी जे बोलली ते ऐकून डीलियाचे हात थांबले. "यंदा वाती नकोत," म्हातारी म्हणाली. "नुसती रोझरी म्हणू."

मेच्या सकाळी किटलीभर दुधासाठी पंधरा दिवस अबोला धरणारी बाई आज म्हणते वाती नकोत. आपली चोरी उघडी पडेल म्हणून घाबरली, डीलियाच्या मनात आलं, आणि खरं सांगायचं तर तिला जरा बरं वाटलं. ती काही बोलायच्या आत पलंगावरून मॅलाकी म्हणाला, "लावायच्या, आई. या वर्षी तर लावायच्याच." 

जानेवारीत आमच्याकडे पाच वाजता काळोख पडतो. डीलियानं ओटानं भरलेली चाळण टेबलावर ठेवली आणि बारा वाती खोवल्या. बाराही नऊ इंच, उनानं पुन्हा टेप लावून बघितल्या. नावं ठरलेलीच होती. सिबी, मॅलाकी, डीलिया, उना, फेलिम. मग सिबीची बाहेरगावची चार मुलं, तीन बॉस्टनला आणि एक लिव्हरपूलला. मग डीलियाचे आईवडील. बारावी वात कुणाच्याच नावाची नसायची. ज्याच्यासाठी कुणी लावत नाही त्याची ती, असं सिबी म्हणायची.

मॅलाकी पलंगावरून उठला. नाताळनंतर तो एवढ्यासाठीच उठला होता. बापाच्या खुर्चीपुढं त्यानं गुडघे टेकले, कोपरं खुर्चीवर ठेवली आणि तोंड ओंजळीत घेतलं. आमच्याकडे रोझरी अशीच म्हणतात, प्रत्येकाचं तोंड आपापल्या खुर्चीकडं आणि पाठ खोलीकडं. पोरंही तशीच बसली. सिबीला आता गुडघे टेकता येत नव्हते, ती तिच्या कोपऱ्यात बसून राहिली, चाळणीकडं तोंड करून. तिला दिसत असेल तर एवढंच, की समोर उजेड आहे.

रोझरीत दहा-दहा प्रार्थनांचे पाच गट असतात, एकेकानं एकेक म्हणायचा. पहिली दहा म्हातारीनं म्हटली, दुसरी डीलियानं. मॅलाकीला दम पुरत नाही म्हणून त्याची पाळी शेवटी ठेवली होती. तिसऱ्या दहाला उनाचा बारीक आवाज सुरू झाला तेव्हा डीलियानं खांद्यावरून मागं पाहिलं. बारा ज्योती सरळ उभ्या होत्या. पण सारख्या नव्हत्या. टेपनं लांबी मोजली होती. लव्हाळा आतून कुठं भरीव आणि कुठं पोकळ आहे हे टेपला कसं कळणार. बॉस्टनच्या मोठ्या दिराची वात रमतगमत जळत होती. डीलियाची तिच्याहून जरा खाली. आणि मॅलाकीची सगळ्यांपेक्षा दोन बोटं खाली होती, वरून तडतडत होती.

कुणाची तरी आधी विझणारच. इतकी साधी गोष्ट, आणि ती अकरा वर्षांत एकदाही डीलियाच्या डोक्यात आली नव्हती. दर वर्षी कुणीतरी पहिलं असणारच होतं. उना असती, फेलिम असता. ती स्वतः असती. आणि दर वर्षी त्या जागी म्हातारी होती.

फेलिमनं चौथी दहा आठातच संपवली. कुणी त्याला टोकलं नाही. मग मॅलाकीनं सुरुवात केली. एकेका प्रार्थनेनंतर तो थांबायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा धरायचा. त्याची वात आता अंगठ्याच्या पेराएवढी उरली होती. सहावी प्रार्थना. सातवी. डीलिया गुडघ्यांवरून उठली. आंधळी म्हातारी सोडली तर सगळ्यांच्या पाठी तिच्याकडं होत्या. तिची स्वतःची वात मॅलाकीच्या शेजारीच होती, अजून चांगली तीन बोटं उरलेली. तिनं ज्योत अंगठ्यात आणि बोटात धरली आणि दाबली. चरबी चर्रकन वाजली. कातडीला चिकटली. ती ओरडली नाही. उरलेलं टोक तिनं ओटात खोल दाबून टाकलं, हात स्कर्टच्या घडीत लपवला आणि परत आपल्या जागी गुडघे टेकले.

मॅलाकीची दहावी प्रार्थना झाली. तो वळला नाही. खुर्चीत तोंड ठेवूनच म्हणाला, "कुणाची, डीलिया? सांगून टाक."

"माझी."

तो झटक्यानं वळला. त्याची वात नखाएवढ्या ज्योतीनं अजून जिवंत होती. त्यानं पाहिलं तेव्हा होती, आणि पाहता पाहता ती गेली. पण पहिली ती नव्हती. त्यानं ओटातल्या रिकाम्या जागेकडं बघितलं, मग बायकोकडं, आणि त्याच्या तोंडावरचा होता नव्हता तो रंग उतरला. "तुझी?" तो म्हणाला. "असं कसं होईल. तुझी कशी?"

आपण केलं काय, असं तिला वाटून गेलं. एकाला वाचवायला जाऊन दुसरीच भीती त्याच्या मानेवर बसवली.  मग कोपऱ्यात बसलेल्या म्हातारीकडं तिचं लक्ष गेलं.

"माझीच," ती म्हणाली. "म्हणजे आता निदान अकरा वर्षं तरी मला मरण नाही. विचार तुझ्या आईला, तिला अनुभव आहे."

आधी उना हसली. मग फेलिम, काही न कळता. मॅलाकी त्यांच्याकडं बघत राहिला, मग त्याचे खांदे हलू लागले आणि तो हसला. ऑक्टोबरापासून पहिल्यांदा. हसता हसता खोकला आला, खोकला थांबल्यावर परत हसला. खुर्चीला धरून उठला आणि टेबलाशी येऊन बसला. "काळे कपडे धुऊन ठेवायला हवेत," तो म्हणाला, अगदी आईच्या आवाजात. मग मनुकांचा केक कापायला सांगितला आणि त्याचे दोन तुकडे खाल्ले. सिबी तेवढी हसली नव्हती.

चहा झाल्यावर गाय हंबरली. तिचे दिवस भरत आले होते. मॅलाकी म्हणाला, मी बघून येतो. डीलियानं त्याला अडवलं नाही. त्यानं भिंतीवरचा कोट काढला, कंदील घेतला आणि बाहेर पडला. पोरं त्याच्यामागं धावली. दार उघडंच राहिलं आणि अंगणातून त्यांची बडबड ऐकू येत राहिली.

"हात दे," सिबी म्हणाली.

"कुठला हात?"

"जो लपवलायस तो. चिमटीत विझवलेल्या वातीचा धूर वेगळा येतो. मी डोळ्यांनी आंधळी झालेय, नाकानं नाही."

डीलियानं हात पुढं केला. म्हातारीनं आपल्या वाकड्या बोटांनी तो चाचपला, अंगठ्यावरचा फोड सापडल्यावर थांबली. मग शेजारच्या बशीतलं लोणी घेऊन ती ते हळूहळू तिथं चोळू लागली. एरवी लोण्याचा एक कण वाया गेला तरी ती घर डोक्यावर घ्यायची.

"आधीच नखभर आखूड कापायची," ती म्हणाली. "म्हणजे बोटं भाजत नाहीत. चाळणीत चुलीकडच्या बाजूला खोवायची, तिथं झोत लागतो. गोठ्यात चल म्हणत होते ते हेच सांगायला. आपण करतो म्हणून कुणाला कळू द्यायचं नाही. नवऱ्याला तर नाहीच. आणि विझली, की मोठ्यानं हसायचं, म्हणजे पोरं भीत नाहीत. मलासुद्धा पहिल्या वर्षी कुठं ठाऊक होतं. मी पण अशीच भाजून घेतली."

डीलियाला एप्रनखालचा तो हात आठवला आणि डाव्या हातात धरलेला चहाचा कप आठवला.  अकरा वर्षं या बाईला ती मनातल्या मनात नाटकी म्हणत आली होती.

"आई," तिनं विचारलं, "त्या वर्षी खरी कुणाची विझत होती?"

 म्हातारीनं बशी चाचपडून आणखी थोडं लोणी घेतलं.

"आठवा महिना होता तुला," ती म्हणाली. "कंबर धरून बसली होतीस. तुझीच."